डागांसकट

चिनी मातीचं एक मोठं तबक. व्यास 30 ते 40 सेंटिमीटरच्या दरम्यान. मधोमध वर्तुळरेषांच्या आत कमळांचा गुच्छ रेखलेला: उमललेली कमळं, एक रुंद पान, बियांनी भरलेलं बोंड आणि तळ्याकाठी उगवणाऱ्या एक-दोन पाणवनस्पती, त्यातल्या एकीची पानं बाणाच्या टोकासारखी. सगळे देठ एका फितीनं बांधलेत आणि फितीची टोकं दोन्ही बाजूंना लहरत गेलीत. गुच्छाभोवती, तबकाच्या चढत्या भिंतीवर, नाना फुलांची वेल गोल फिरते. काठाला कधी लाटांची, कधी बारीक वेलबुट्टीची पट्टी. सगळं काम पांढऱ्यावर निळं. दुसरा रंग नाही.

ही नक्षी राजवाड्यासाठी पहिल्यांदा घडली मिंग घराण्याच्या योंगले सम्राटाच्या काळात, म्हणजे 1403 ते 1424 या वर्षांत. पुन्हा घडली ती तीनशे वर्षांनी, छिंग घराण्यातल्या योंगझेंग (1723–1735) आणि छ्येनलोंग (1736–1795) या बापलेकांच्या कारकिर्दीत. दोन्ही वेळा गाव तेच, च्यांगशी प्रांतातलं जिंगदेझेन. मांडणी तीच, फितीची गाठही तिथल्या तिथंच. पहिलं तबक अस्सल आणि दुसरं त्याची नक्कल, एवढं सांगून बहुतेक वर्णनं पुढे सरकतात. मला मात्र दुसऱ्या तबकापाशी थांबायचं आहे. त्यात एक गोष्ट अशी आहे की तिच्यामुळे ते तबक बाजूला सारता येत नाही. ती गोष्ट म्हणजे त्यावरचे डाग.

आधी पहिल्या तबकाकडे जायला हवं, कारण डाग मुळात तिथले. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला राजभट्टीत वापरला जाणारा कोबाल्ट चीनमधला नव्हता. तो पश्चिमेकडून, बहुधा इराणातून यायचा. या कोबाल्टमध्ये लोह भरपूर आणि मँगनीज अगदी थोडं. चीनमध्ये सापडणाऱ्या कोबाल्टचं नेमकं उलटं, त्यात मँगनीज जास्त. विसाव्या शतकातल्या रासायनिक तपासण्यांनी हा फरक पक्का केला, पण डोळ्यांना तो त्याआधीपासून दिसत होता. परदेशी निळा खोल, किंचित जांभळट झाक असलेला, आणि जिथे कुंचल्यातून रंग जास्त उतरला तिथे जवळजवळ काळा.

हे काळे ठिपके कसे उमटतात ते पाहण्यासारखं आहे. चित्र काढलं जातं कच्च्या, वाळवलेल्या भांड्यावर. मग त्यावर पारदर्शक झिलई चढते आणि भांडं भट्टीत जातं. 1300 अंशांच्या आसपास तापलं की झिलई वितळते आणि कोबाल्ट तिच्यात विरघळू लागतो. कागदावर शाई फुटावी तशी रेषेची कड झिलईत फुटते. जिथे रंगाचा थर जाड, तिथे त्यातलं लोह पुरतं विरघळत नाही. ते वर येतं, झिलईचा पृष्ठभाग भेदतं आणि तिथेच गोठतं. भांडं थंड झाल्यावर त्या जागी गंजाच्या रंगाचा किंवा शिशासारखी मंद चमक असलेला ठिपका राहतो. चिनी जाणकार त्यांना लोहाच्या गंजाचे डाग म्हणतात. तबक तिरक्या उजेडात धरलं तर त्या ठिपक्यांपाशी झिलई किंचित खचलेली दिसते, आणि बोट फिरवलं तर ती खाच लागते. कमळाच्या पाकळीची कड, पानाची शीर, फितीचं वळण, जिथे जिथे कुंचला रेंगाळला तिथे तिथे डाग आहेत. चिताऱ्यानं ते काढलेले नाहीत. त्याला ते नकोच असतील, अशीही शक्यता आहे. राजभट्टीची शिस्त कडक होती. जिंगदेझेनच्या झूशान भागात 1980 च्या दशकापासून झालेल्या उत्खननांत योंगले आणि नंतरच्या श्वेनदे या सम्राटांच्या काळातल्या भांड्यांचे ढीग मिळाले: पसंतीला न उतरलेली, मुद्दाम फोडून पुरलेली भांडी. राजाकडे न गेलेली वस्तू दुसऱ्या कुणाकडे जाऊ नये म्हणून. इतक्या काटेकोर निवडीतून हे डाग सुटले, कारण त्या कोबाल्टबरोबर ते येणारच होते.

पुढे काय झालं ते रसिकतेच्या इतिहासातलं एक सुंदर वळण आहे. श्वेनदे सम्राटाची कारकीर्द (1426–1435) संपली, परदेशी कोबाल्ट कमी होत गेला, देशी कोबाल्ट आला. चेंगह्वा काळातला (1465–1487) निळा मऊ, फिकट आणि नितळ आहे. त्यात डाग जवळजवळ नाहीत. तांत्रिक बाजूनं ही सुधारणाच. पण मिंग काळाच्या उत्तरार्धात संग्राहक आणि लेखक जुन्या भांड्यांची प्रतवारी लावू लागले, तेव्हा श्वेनदे आणि चेंगह्वा ही दोन नावं सर्वांत वर जाऊन बसली. श्वेनदेच्या खोल, डागाळलेल्या निळ्याला लोक जपू लागले. जे भट्टीच्या हातून नकळत झालं होतं, ते आता त्या काळाची ओळख झालं.

छिंग घराणं आलं ते मांचू लोकांचं. चीनच्या दृष्टीनं बाहेरून आलेलं. सत्तांतराच्या धामधुमीत जिंगदेझेनचीही वाताहत झाली. 1670 च्या दशकात वू सानग्वे या सेनापतीच्या बंडात भट्ट्या जळाल्या. कांग्शी सम्राटानं 1680 च्या दशकात राजभट्टी पुन्हा उभी केली. त्याच्या काळातल्या अनेक भांड्यांच्या तळाशी श्वेनदे किंवा चेंगह्वा काळाची मोहोर दिसते. यामागे एक स्थानिक हुकूमही होता. 1677 मध्ये जिंगदेझेनच्या अधिकाऱ्यानं विद्यमान सम्राटाच्या कारकिर्दीचं नाव भांड्यावर लिहायला बंदी केली होती. भांडं फुटलं, उकिरड्यावर गेलं तर त्या नावाचा अवमान होईल म्हणून. मग कुणी जुन्या सम्राटाचं नाव घातलं, कुणी नुसतं दुहेरी वर्तुळ काढून आत काहीच लिहिलं नाही.

कांग्शीच्या मुलानं, योंगझेंगनं, वेगळी वाट धरली. त्याच्या राजभट्टीनं जुनी नक्षी घेतली, जुना घाट घेतला आणि बऱ्याचदा तळाशी स्वतःच्या कारकिर्दीचं नाव लिहिलं. वर योंगले, खाली योंगझेंग. परक्या घराण्यातून आलेला राजा या देशाच्या उत्तम वस्तूंचा वारस म्हणून उभा राहतो, आणि उभा राहताना स्वतःची ओळखही सांगतो. यात राजकारण आहेच. पण नुसत्या राजकारणासाठी कुणी डागांपर्यंत पोहोचत नाही. तिथपर्यंत जायला वस्तूवर प्रेम लागतं.

हे प्रेम कामात उतरवणारा माणूस होता थांग यिंग. 1682 चा जन्म, लहान वयातच राजवाड्याच्या नोकरीत शिरलेला. 1728 मध्ये त्याला जिंगदेझेनला धाडलं तेव्हा मातीकामातलं त्याला काही कळत नव्हतं. हे त्यानंच लिहून ठेवलंय. मग त्यानं बाकीचे व्याप बंद केले आणि तीन वर्षं कारागिरांबरोबर जेवला, त्यांच्याबरोबर झोपला, माती, झिलई आणि आग शिकला. पुढे 1756 पर्यंत, मरेपर्यंत, मधला थोडा काळ सोडला तर तो राजभट्टीशी बांधलेला राहिला. 1735 च्या सुमारास त्यानं राजभट्टीत होणाऱ्या कामांची यादी केली. पन्नासहून अधिक प्रकार आहेत तिच्यात, आणि त्यातले कितीतरी जुन्या कामांच्या अनुकरणाचे आहेत: सोंग काळातल्या झिलया, मिंग काळातला निळा. राजवाड्यातल्या कारखान्यांच्या दप्तरांतही नोंदी आहेत की अमुक जुनं भांडं जिंगदेझेनला पाठवावं, त्याप्रमाणे करून आणावं. म्हणजे मूळ वस्तू कारागिरासमोर असायची. ऐकीव माहितीवरून केलेलं हे काम नव्हे.

आता अडचण बघा. अठराव्या शतकात जिंगदेझेनकडे जो कोबाल्ट होता तो देशी, बराचसा झेजियांग प्रांतातला. भाजून, निवडून, दळून अतिशय शुद्ध केलेला. कांग्शी काळातला निळा बघितला तर त्याची पातळी कळते. नीलमण्यासारखा, एकसंध, एका निळ्यात अनेक छटा दाखवणारा. एवढा स्वच्छ निळा साधायला कारागिरांच्या पिढ्या खर्ची पडल्या होत्या. आणि राजाला हवा होता डागाळलेला, फुटलेला, तीनशे वर्षांपूर्वीचा निळा. तो कोबाल्ट आता हाताशी नव्हता. भट्टी आपोआप करायची ते आता भट्टी करणार नव्हती.

म्हणून चिताऱ्यानं डाग काढले. शब्दशः काढले. कमळाच्या पाकळीची रेषा ओढून झाली की कुंचल्याच्या टोकानं, गडद रंग घेऊन, रेषेवर थांबत थांबत ठिपके दिले. पानाच्या शिरेवर ठिपके. फितीच्या वळणावर ठिपके. वेलीच्या प्रत्येक टोकाला ठिपका. छिंग काळातल्या तबकाकडे दुरून बघितलं तर मिंगचा भास होतो. निळा जागोजागी दाटतो आणि विरळ होतो, रेषा श्वास घेतल्यासारखी जाड-बारीक होते. जवळ गेलं की ठिपके सुटे दिसू लागतात. एकाशेजारी एक, बऱ्यापैकी सारख्या अंतरावर, रेषेची शिस्त न सोडणारे. झिलईवर बोट फिरवलं तर सपाट; खाच नाही. लोह वर आलेलं नाही, डाग झिलईच्या खालीच राहिलाय.

आपल्याकडे पोथीची नक्कल करणारे लेखनिक शेवटी एक ओळ लिहीत, तिचा आशय असा की जसं समोर दिसलं तसं उतरवलं, चूक असेल तर दोष मला देऊ नका. त्यात नम्रता होती, पण चुकीशी लेखनिकाचं नातं नव्हतं. ती त्याच्या हातून नुसती पुढे जायची. जिंगदेझेनच्या चिताऱ्याचं वेगळं आहे. त्यानं मूळ तबकातला दोष ओळखला, हाच त्याच्या सौंदर्याचा गाभा आहे असं ठरवलं, आणि जो दोष आता होणं शक्य नव्हतं तो मेहनतीनं घडवला. ही नक्कल करण्यापूर्वी त्यानं मूळ तबक किती बारकाईनं पाहिलं असेल! डाग कुठे पडतात, कुठे पडत नाहीत. दाट कुठे, विरळ कुठे. रेषेच्या सुरुवातीला की शेवटी. रसग्रहण म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? फरक इतकाच की त्याचं रसग्रहण कोबाल्टमध्ये आहे.

यात आणखी एक गोष्ट मिळवायला हवी. कच्च्या भांड्यावर कोबाल्ट निळा दिसत नाही. काळपट, राखाडी दिसतो. निळा नंतर, आगीत होतो. शिवाय कच्ची माती टिपकागदासारखी ओल शोषून घेते. ओढलेली रेषा पुसता येत नाही. म्हणजे हा माणूस समोर मिंगचं निळं तबक ठेवून, हातानं काळ्या रंगात काम करतोय, आणि त्याला आधीच माहीत असायला हवं की हा काळा ठिपका आगीतून बाहेर येताना किती निळा होईल आणि शेजारच्या रेषेपेक्षा किती गडद राहील. थोडा जास्त दिला तर धब्बा होईल, कमी दिला तर आगीत नाहीसा होईल. आणि हे एका हाताचं कामही नव्हतं. थांग यिंगनं 1743 मध्ये मातीकामाच्या वीस चित्रांवर टिपणं लिहिली, त्यात हे स्पष्ट येतं: रेषा ओढणारा रंग भरायला शिकत नाही, रंग भरणारा रेषा ओढायला शिकत नाही, म्हणजे हात पक्का होतो आणि मन भरकटत नाही, मात्र दोघांना एकाच घरात बसवतात, म्हणजे कामात एकजीवपणा राहील. फ्रेंच मिशनरी दान्त्रकोल यानं 1712 च्या पत्रात लिहिलं की एक भांडं पुरं व्हायला सत्तर हातांतून जातं असं तिथले लोक सांगतात. इतक्या हातांतून जाऊनही फितीचं टोक हलकं राहतं, ही साधी गोष्ट नाही.

दोन तबकं शेजारी ठेवली की बाकीचे फरक भराभर दिसतात. मिंग तबकाचा तळ बहुधा झिलई न दिलेला, भाजलेल्या मातीचा, तांबूस छटेचा. छिंगच्या तळावर पांढरी झिलई आणि मध्ये सहा अक्षरी मोहोर. मिंगची झिलई जाडसर, किंचित निळसर, तिच्यावर संत्र्याच्या सालीसारखा बारीक खडबडीतपणा. छिंगची पातळ आणि लख्ख. मिंग चितारी लहान कुंचल्यानं रंग भरत, त्यामुळे पाकळीत कुंचल्याचे फटकारे एकमेकांवर चढलेले दिसतात. छिंग तबकात पाकळी नेटकी भरलेली असते.

छिंगची सगळी तबकं मला सारखी वाटत नाहीत, हेही सांगायला हवं. योंगझेंग काळातली मला अधिक आवडतात. त्यांत ठिपके आहेत, पण ते रेषेच्या चालीत मिसळतात. गुच्छाभोवती पांढऱ्याला मोकळी जागा आहे. फितीची टोकं खरोखर लहरतात. छ्येनलोंग काळ पुढे सरकतो तसा ठिपका सवयीचा होत जातो. तो पाहून दिलेला वाटत नाही, ठरवून दिलेला वाटतो. वेलीचं प्रत्येक वळण सारखंच ठिपकेदार, प्रत्येक पान सारखंच गडद. हात थकलेला नाही, उलट जास्तच पक्का आहे. पण मूळ तबकासमोर बसलेल्या पहिल्या चिताऱ्याची ती टक लावून बघणारी नजर आता तिथे नाही. पुढच्या चिताऱ्यासमोर मिंगचं तबक नव्हतं, आधीच्या छिंग तबकाचा नमुना होता, असा माझा तर्क आहे. एकोणिसाव्या शतकात ताइपिंग बंडात जिंगदेझेन पुन्हा उद्ध्वस्त झालं, 1860 च्या दशकात राजभट्टी पुन्हा सुरू झाली, आणि ग्वांगशू काळातल्या (1875–1908) कारागिरांनी छ्येनलोंगच्या शैली गिरवल्या.

या तबकांवर खोटेपणाचा आरोप होतो, त्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ज्यावर योंगझेंग किंवा छ्येनलोंगची मोहोर आहे ते तबक कुणाला फसवत नाही. ते आपलं नाव सांगून जुन्याला वंदन करतं. काही छिंग भांड्यांवर मात्र मोहोर घातलीच नाही, आणि पुढे बाजारात ती मिंगची म्हणून खपली. तिथे फसवणूक झाली, पण ती तबकानं केलेली नाही, विकणाऱ्यानं केली.

मिंगच्या या निळ्या तबकांनी चीनबाहेरही अनेकांना भुरळ घातली. इराणच्या शाह अब्बासनं 1611 मध्ये अर्दबीलच्या दर्ग्याला अर्पण केलेल्या हजाराहून अधिक चिनी भांड्यांत पंधराव्या शतकातली उत्तम तबकं आहेत. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यातही आहेत. तुर्कस्तानातल्या इझनिकच्या कुंभारांनी सोळाव्या शतकात योंगले काळातल्या द्राक्षांच्या घोसाचं तबक घेतलं आणि स्वतःच्या मातीत पुन्हा केलं. काठावरच्या चिनी लाटा त्यांच्या हातात भोवऱ्यांच्या गुंडाळ्या झाल्या. ते अनुकरण ताजं आहे, धीट आहे, आणि मला मनापासून आवडतं. पण इझनिकच्या कुंभारांची नजर चित्रावर होती: द्राक्षं, पानं, मांडणी. भट्टीत लोहानं काय केलं याकडे त्यांनी बघितलं नाही. ते बघितलं ते जिंगदेझेननं, कारण ते त्यांच्याच पूर्वजांच्या भट्टीत घडलं होतं आणि आपल्या भट्टीत ते आता घडत नाही हे त्यांना रोज दिसत होतं.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतून आलेली चिनी आणि जपानी भांडी आहेत. परदेशात गेलात तर लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये सर पर्सिव्हल डेव्हिड यांचा संग्रह आहे. निळं-पांढरं चिनी भांडं समोर आलं की वर्षाची पाटी नंतर वाचा. आधी जरा वाकून, उजेड तिरका पडेल अशा कोनातून रेषेवरचे गडद ठिपके बघा. झिलई तिथे खचली असेल तर ते काम आगीचं. सपाट असेल आणि ठिपके रांगेत असतील, तर ते एखाद्या चिताऱ्याचं, आणि त्याच्यासाठी थोडा वेळ अधिक थांबा.